कामवारीच्या काठचा पहारा

जुलै-ऑगस्टमध्ये भिवंडीचे नाव वर्तमानपत्रात येते तेव्हा सोबत बहुधा ठरलेली ठिकाणे असतात: नदीनाका, ईदगाह, तीनबत्ती. कामवारी नदीला पूर आला, खाडीला भरती होती, घरांत आणि दुकानांत पाणी शिरले. बातमी होते ती पाणी शिरल्यावर. त्याआधीच्या तासाभराची नोंद कुठेच सापडत नाही. त्या तासाभरात नदी चढताना कुणी ना कुणी पाहिलेली असते. कारखान्याच्या दारात उभा असलेला कामगार, पुलावरून गेलेला रिक्षावाला, गच्चीवर पत्रा सावरायला गेलेली बाई. पण जे पाहिले ते कुणाला सांगायचे, कोणत्या मापात सांगायचे आणि ऐकणाऱ्याने पुढे काय करायचे, हे ठरलेले नसल्यामुळे ते पाहणे वाया जाते. पाऊस, वारा आणि भरती यांवर वस्तीनेच पहारा ठेवायचा ही खाडीकाठची जुनी रीत होती. ती सरकारी कचेरीत गेली तेव्हा मोजमाप अचूक झाले, इशारा मात्र वस्तीपासून लांब गेला. भिवंडीतल्या निजामपुऱ्याने तो पहारा पुन्हा उभा करावा, आणि तो उभा करण्याची घडी याच शहराने एकदा वेगळ्या संकटासाठी बसवून दाखवली आहे, असे माझे म्हणणे आहे.

भिवंडी आज मागांचे आणि गोदामांचे गाव म्हणून ओळखली जाते, पण मुळात ती खाडीवरची पेठ. कामवारी नदी वसईच्या खाडीला मिळते, आणि भरतीचे पाणी त्या वाटेने आत चढते. गावातल्या बंदर मोहल्ल्याचे नाव उगाच पडलेले नाही. भात, सुकी मासळी, लाकूड, गवत यांचा व्यापार या पाण्यावरून चाले, आणि होडी भरतीबरोबर आत आणायची, ओहोटीबरोबर बाहेर काढायची, तर भरतीची वेळ घड्याळाशिवाय ठाऊक असावी लागे. कोकण किनाऱ्यावर त्यासाठी एक साधा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. अष्टमीला सहा, पंचमीला पावणेचार. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण. खाडीत जितके आत जावे तितकी ही वेळ थोडी पुढे सरकते, तेवढी भर अनुभवाने घालायची. भिवंडीच्या दृष्टीने या हिशेबातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तो चंद्रावर चालतो, आणि निजामपुऱ्यातल्या कोकणी मुसलमानांच्या घरात जी चांदाची तारीख मोजली जाते तीही चंद्रावरच चालते. चांदाची चौदावी-पंधरावी आली की उधाण, हे सांगायला पंचांग लागत नाही. भोवतालच्या गावांतला आगरी-कोळी तिथीने मोजतो, मोहल्ल्यातला माणूस चांदाने मोजतो, आणि दोघांचे उत्तर एकच येते. कामवारीच्या पुराचे निम्मे रहस्य या उत्तरात आहे. पाऊस तेवढाच पडला तरी तो ओहोटीत पडला तर वाहून जातो, भरतीत पडला तर गावात थांबतो.

भरती ओळखणे हा पहाऱ्याचा एक भाग झाला. दुसरा भाग प्रत्यक्ष उभे राहण्याचा. खाडीकाठची खाजण जमीन भातशेतीखाली आणायची तर समुद्राचे खारे पाणी अडवणारा बांध हवा, आणि बांध घातल्यावर उधाणाच्या रात्री त्याच्यावर नजर हवी. खेकड्याने पाडलेले भोक वेळीच मातीने बुजवले नाही तर सकाळपर्यंत त्याची खांड होते आणि पुढची काही वर्षे शेत खारट राहते. अलिबाग-पेणच्या खारेपाटात यासाठी 'जोळ' नावाची व्यवस्था होती. बांधाच्या आत ज्यांची जमीन, त्यांनी मिळून बाहेरकाठा, म्हणजे समुद्राकडचा बांध, राखायचा, दुरुस्तीला घरटी माणूस द्यायचा, आणि कसूर केली तर गावासमोर जबाब द्यायचा. पुढे १९४८ चा मुंबई खारजमीन कायदा आला, मग १९७९ चा महाराष्ट्राचा कायदा आला, आणि बांधांची जबाबदारी शासनाच्या खात्याकडे गेली. हेतू चांगला होता, कारण मोठ्या बांधाचा खर्च एकेका गावाला झेपणारा नव्हता. पण पैशाबरोबर नजरही खात्याकडे गेली. उधाण रात्री दोनला आले तर खाते तालुक्याच्या गावी झोपलेले असे, आणि गावाची सवय तोवर मोडलेली. फुटलेले बांध आणि कांदळवनाखाली गेलेली शेते यांविषयी खारेपाटातले शेतकरी आजही गाऱ्हाणे मांडतात, ते यातूनच आले आहे. माझ्या युक्तिवादाचा पाया इथे आहे: खर्च वर नेता येतो, पहारा वर नेता येत नाही.

हवामानाच्या मोजणीचे तेच झाले, अधिक शिस्तीने झाले. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा उभारली आणि १८४१ पासून तिथे नियमित नोंदी होऊ लागल्या. या वेधशाळेशी बाळशास्त्री जांभेकरांचा संबंध होता, आणि केरूनाना छत्रे अगदी तरुणपणी तिथे सहायक म्हणून लागले. म्हणजे मराठी माणूस या शास्त्रात पहिल्या पिढीपासून आहे. कलकत्त्याचे १८६४ चे चक्रीवादळ आणि त्यानंतरचे दुष्काळ यांच्या धक्क्याने १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. बंदरांवर वादळाचे बावटे चढू लागले, आणि 'तीन नंबरचा बावटा' हे शब्द किनाऱ्यावरच्या बोलीत रुळले. पण बावटा समुद्राकडे तोंड करून उभा असतो. तो जहाजाला आणि मचव्याला सांगतो. खाडीच्या आतल्या भिवंडीसारख्या गावाला त्याचा उपयोग नव्हता. तिथे पोचला तो तालुक्याच्या कचेरीतला पर्जन्यमापक. सकाळी ठरल्या वेळी कारकुनाने भांड्यातले पाणी मोजायचे, वहीत लिहायचे, वर कळवायचे. या नोंदींचे मोल मी कमी मानत नाही. दीडशे वर्षांचा मान्सून आपण त्यांच्यावरूनच ओळखतो. पण त्या काढल्या गेल्या पिकाचा अंदाज आणि सारा यांसाठी. कालचा पाऊस आज सांगणारे ते यंत्र होते, आणि पुराला कालच्या पावसाशी देणेघेणे नसते. आजचा 'महावेध' प्रकल्प पाहिला तरी धागा तोच दिसतो. राज्यभर महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, आणि सामान्य माणसाला त्यांची आठवण होते ती पीकविम्याच्या वादात. पाऊस आपण आधी साऱ्यासाठी मोजला, आता विम्यासाठी मोजतो. बुडण्याआधी माणूस हलवण्यासाठी तो मोजायचा, ही कल्पना आपल्याकडे अजून रुजलेली नाही.

स्थानिक नोंद नसली की इतिहासाचे काय होते, याचे एक विलक्षण उदाहरण मुंबईचेच आहे. जगभरच्या वादळांच्या याद्यांत ६ जून १८८२ ला मुंबईवर चक्रीवादळ येऊन एक लाख माणसे मेल्याची नोंद वर्षानुवर्षे छापली गेली. अमिताव घोष यांनी हवामानबदलावर लिहिताना तिचा माग काढला, तेव्हा त्या वेळच्या वर्तमानपत्रांत आणि कागदपत्रांत असे काहीच सापडले नाही. लाख माणसे गेली असती तर मुंबईच्या एकाही वर्तमानपत्राने गप्प राहण्याचे कारण नव्हते. न घडलेले संकट अशा रीतीने आकड्यासह अमर झाले, आणि खाडीकाठच्या गावांत खरोखर शिरलेले पाणी कुठल्या उंबऱ्यापर्यंत आले होते, हे भिंतीवरच्या एखाद्या डागाखेरीज कशावरही उरले नाही.

२६ जुलै २००५ ने या सगळ्याचा हिशेब एका दिवसात मांडला. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४.२ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्यात ७३.४. एकाच शहराच्या दोन केंद्रांत बारापटीहून अधिक फरक. कुलाब्याचे आकडे पाहणाऱ्याच्या लेखी तो पावसाळ्यातला नेहमीचा दिवस होता. राज्यभरात हजाराहून अधिक माणसे दगावली. तेव्हा मुंबईत डॉप्लर रडार नव्हते. पुढे माधवराव चितळे यांच्या समितीने कारणे तपासली, मुंबई महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, रडार आले. हे सारे योग्यच झाले. पण त्या दिवसाचा धडा यंत्रांच्या कमतरतेपुरता समजणे मला अपुरे वाटते. दुपारी सांताक्रूझजवळ राहणाऱ्या हजारो माणसांना आकाश फाटल्याचे डोळ्यांनी दिसत होते, आणि त्याच वेळी दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांतून माणसे नेहमीसारखी गाड्या पकडत होती. पाहणारे होते; त्यांचे पाहणे जोडणारा दुवा नव्हता.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, हवामान खाते ऑरेंज आणि रेड अलर्ट देते, रडारचे चित्र घरबसल्या दिसते; मग पुलावर माणूस कशाला? उत्तर अलर्टच्या आकारात आहे. रेड अलर्ट ठाणे जिल्ह्याला मिळतो. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाल्यावरही या जिल्ह्यात मुरबाडचा डोंगर आहे आणि मीरा-भाईंदरची खाडीही आहे. कामवारीच्या वरच्या अंगाला ढग फुटला की किती पाणी उतरते, ते शेलारच्या बाजूने नदीनाक्याला यायला किती वेळ लागतो, त्या वेळी खाडी भरलेली आहे की रिती, कोणता नाला गोदामाच्या भरावाने बुजला आहे, हे रडारला दिसत नाही. पूर्णा, राहनाळ, काल्हेर, काशेळी या पट्ट्यात जिथे भातखाचरे पाणी धरून ठेवत तिथे आज गोदामांचे पत्रे आहेत, आणि पाण्याची वाट दरवर्षी थोडी बदलते. अंदाज बांधणारा शास्त्रज्ञ ती बदललेली वाट पुण्यात किंवा कुलाब्यात बसून ओळखू शकत नाही. त्याला ती सांगावी लागते. म्हणून जिथे रडार आणि उपग्रह आपल्याहून अधिक आहेत त्या अमेरिकेतही वादळे डोळ्यांनी पाहून कळवणाऱ्या प्रशिक्षित स्वयंसेवकांचे जाळे अनेक दशके टिकवले गेले आहे. ब्रिटनमध्ये जॉर्ज सायमन्स यांनी १८६० मध्ये पाऊस मोजणाऱ्या हौशी नागरिकांची संघटना सुरू केली, तेव्हा तर यंत्र म्हणजे अंगणातले एक भांडे होते. पुण्यात सेंटर फॉर सिटिझन सायन्सने 'सतर्क' या उपक्रमातून दरडींसारख्या धोक्यांचे इशारे लोकांपर्यंत नेण्याचे काम अलीकडे केले, ते त्याच परंपरेतले.

यापेक्षाही बोलका दाखला शेजारचा आहे. नोव्हेंबर १९७० च्या भोला चक्रीवादळाने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात तीन लाखांहून अधिक माणसे मारली. वादळ येत असल्याचे उपग्रहाने दाखवले होते. बेटांवरच्या माणसांपर्यंत ते कामाच्या रूपात पोचले नाही. बांगलादेश झाल्यावर १९७२ मध्ये रेड क्रॉसच्या मदतीने स्वयंसेवकांचा कार्यक्रम उभा राहिला. गावोगावी माणसे नेमली, निशाणे ठरवली, हातात भोंगे दिले, कोणत्या म्हाताऱ्याला कुणी उचलायचे इथपर्यंत कामे वाटली. २००७ चे सिडर वादळही भयंकर होते, पण मृतांचा आकडा काही हजारांत राहिला. बांधलेले निवारे, रस्ते आणि सुधारलेले अंदाज यांचाही त्यात वाटा आहे, हे कबूल केले पाहिजे. तरी त्या देशाने केवळ अंदाजाच्या यंत्रांवर न विसंबता भोंगेवाला माणूस उभा केला, ही रीत लक्षात घेण्यासारखी आहे.

भिवंडीला ही रीत परकी नाही. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी हे शहर होरपळले. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसे, त्यांत मागवाले, दुकानदार, शिक्षक, आणि त्यांच्यासोबत बीटवरचा शिपाई यांनी ठराविक दिवसांनी एकत्र बसायचे आणि मोहल्ल्यातल्या बारीकसारीक तंट्यांवर बोलायचे. एरवी काही घडत नसतानाही भेटायचे, हे त्या समित्यांचे खरे बळ होते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. पोलिसांच्या कामाच्या अंगाने या प्रयोगाची चर्चा पुष्कळ झाली. मी त्याच्याकडे इशाऱ्याची व्यवस्था म्हणून पाहतो. कोणत्या गल्लीत ताण आहे हे पहिल्यांदा कुणाला कळते, तो कुणाला सांगतो, सांगितलेले खरे की खोटे हे कोण पडताळतो आणि पडताळल्यावर कोण हलतो, या चार प्रश्नांची उत्तरे तिथे आधीच ठरलेली होती. पुराला नेमकी हीच चार उत्तरे हवी असतात.

यावर कुणी म्हणेल, स्वयंसेवकांच्या हाती इशारा दिला तर अफवा पिकतील. ही भीती खरी आहे. २८ जुलै २००५ च्या संध्याकाळी जुहूच्या नेहरूनगर वस्तीत पाण्याचा लोंढा येतोय अशी आवई उठली आणि चेंगराचेंगरीत लहान मुलांसह अनेकांचा जीव गेला. पण त्या संध्याकाळी तिथे स्वयंसेवकांची घडी नव्हती म्हणूनच तसे झाले. अफवा पसरते ती ओळखीचा, विश्वासाचा आवाज नसलेल्या जागेत. भिवंडीच्या समित्यांनी चार वर्षे जे केले ते मुख्यत: अफवा मारण्याचेच काम होते. दुसरा प्रतिवाद अधिक अवघड आहे. ५ जुलै २००६ ला याच शहरात पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून हिंसा झाली आणि दोन पोलीस मारले गेले. मग कुठे गेल्या समित्या? मी याचा अर्थ असा घेतो की अशी घडी एकदा बसवून कायमची टिकत नाही. अधिकारी बदलला, बैठका लांबल्या, नव्या वस्त्या आल्या, आणि जोळासारखीच तीही सैल झाली. पावसाच्या पहाऱ्याला मात्र एक सोय आहे जी दंगलीच्या पहाऱ्याला नसते. पाऊस दरवर्षी येतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोज मोजायला, लिहायला, कळवायला काहीतरी असते, त्यामुळे ही सवय गंजायला वेळच मिळत नाही. शिवाय उधाणाला धर्म नसल्याने तिथे एकत्र बसणे सोपे.

शेवटचा आक्षेप गरिबांच्या बाजूने घेतला जातो, आणि तो मला सर्वांत जास्त पटतो. नाले साफ करणे, पात्रातला भराव काढणे, धोकादायक इमारती रिकाम्या करणे हे पालिकेचे आणि शासनाचे काम. ते न करता बारा तास माग चालवणाऱ्या कामगाराच्या गळ्यात फुकटचा पहारा का घालायचा? घालू नयेच. नालेसफाईला पर्याय म्हणून स्वयंसेवक मागणारी कोणतीही योजना मोहल्ल्याने नाकारावी. परंतु पाण्याची नोंद ठेवणारी वस्ती पालिकेपुढे जास्त ताठ उभी राहते. 'दरवर्षी पाणी येते' हे वाक्य हवेत विरते. कोणत्या तारखेला, किती पाऊस पडला असताना, भरती किती होती आणि कोणत्या नाल्यातून पाणी उलटे आले, याची पाच पावसाळ्यांची वही कुणालाही फेटाळता येत नाही. आणि वेळेचा प्रश्न म्हणाल, तर भिवंडीजवळ एक साधन आहे जे बहुतेक शहरांजवळ नाही: इथे रात्रपाळी आहे. माग रात्री चालतात. पहाटे तीनला, जेव्हा मुंबईतली वस्ती झोपलेली असते, तेव्हा इथल्या प्रत्येक गल्लीत कुणीतरी जागे असते आणि त्याच्या हाती विजेचा खटकाही असतो. तळमजल्यावरच्या कारखान्यात पाणी शिरते तेव्हा पहिला धोका बुडण्याचा नसतो, मोटारीला चालू असलेल्या विजेचा असतो. अर्धा तास आधी मिळालेला निरोप तिथे थेट जीव वाचवतो. 'आपदा मित्र' योजनेत, होमगार्डमध्ये आणि नागरी संरक्षण दलात शिकवलेली माणसे दोर घेऊन येतात ती पाणी आल्यावर. त्यांनी यायचे कुठे, हे आधी सांगणारे माणूस मोहल्ल्यातलेच असावे लागेल.

म्हणून भिवंडी-निजामपूर महानगरपालिकेकडे आणि निजामपुऱ्यातल्या मशिदी, मंडळे, शाळा आणि मागवाल्यांच्या संघटनांकडे एकच मागणी आहे. येत्या ३१ मेपूर्वी नदीनाक्याच्या पुलाच्या खांबावर रंगाने फुटांच्या खुणा काढा. निजामपुऱ्यातल्या एका शाळेच्या गच्चीवर एक आणि वरच्या अंगाला शेलारच्या बाजूला एक अशी दोन पर्जन्यमापक भांडी ठेवा. प्रत्येक गल्लीतून दिवसपाळीचा एक आणि रात्रपाळीचा एक, एक पुरुष आणि एक बाई, अशी नावे ठरवा, त्यांना भरतीचे वेळापत्रक द्या, आणि पाणी कोणत्या खुणेला आले की भोंग्यावरून काय सांगायचे ते लिहून ठेवा. पालिकेच्या आपत्कालीन कक्षाने त्यांचा निरोप नोंदवून घेण्याचे बंधन स्वत:वर घ्यावे, आणि पावसाळा संपल्यावर ती सगळी वही छापून लोकांसमोर ठेवावी.